पाण्याच्या चालीवरून मेंदूच्या वाटा

लाल, हिरव्या, निळ्या धाग्यांचे झुबके दाखवणारी मेंदूची चित्रं अनेकांनी पाहिली असतील. त्यातला एकही धागा यंत्राला प्रत्यक्ष दिसलेला नसतो. डिफ्यूजन एमआरआयमध्ये मोजला जातो तो पाण्याच्या रेणूंचा वावर. धागे त्यावरून संगणक आखतो. रंगही संकेताने ठरलेले: डावी-उजवीकडे जाणारे लाल, पुढे-मागे जाणारे हिरवे, वर-खाली जाणारे निळे.

रेणू सतत भरकटत असतात. मोकळ्या जागेत ते चहूकडे सारखेच पसरतात. चेतातंतूंच्या जुडग्यात मात्र कडब्याच्या पेंढीत शिरलेल्या पाण्यासारखे लांबीच्या दिशेनं जास्त सरकतात. फ्रान्सच्या देनी ल बियाँ यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यात ही हालचाल एमआरआयनं टिपली. तिची दिशा मोजण्याचं गणित पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि ल बियाँ यांनी १९९४ मध्ये मांडलं.

हे तंत्र सर्वांत खणखणीत ठरलं ते पक्षाघातात. रक्तपुरवठा तुटला की पेशी फुगतात, पाण्याचा वावर आखडतो आणि तेवढा भाग चित्रात पांढरा चमकतो. सुरुवातीच्या तासांत साध्या सीटी स्कॅनमध्ये अनेकदा काहीच ठळक दिसत नाही.

मेंदूतली गाठ काढतानाही तंतूंचा हा नकाशा कामी येतो, पण सल्लागार म्हणून. चित्रातला एकेक ठोकळा साधारण दोन मिलिमीटरचा, तंतू मायक्रॉनच्या मापाचे. एकाच ठोकळ्यात अनेक वाटा एकमेकींना छेदतात आणि संगणक चकतो. २०१७ मध्ये २० संशोधन गटांच्या आखणीची परीक्षा झाली, तेव्हा सरासरीनं खऱ्यांपेक्षा खोटी जुडगीच जास्त निघाली. म्हणून शल्यविशारद ऑपरेशनच्या वेळी सौम्य वीजप्रवाह देऊन वाट पडताळून पाहतात.

मानसोपचारात तर आणखी सावध राहावं लागतं. २०१८ मध्ये ‘एनिग्मा’ या संशोधन गटानं स्किझोफ्रेनियाचे १,९६३ रुग्ण आणि २,३५९ निरोगी व्यक्तींची तुलना केली. मेंदूच्या २५ पैकी २० भागांत रुग्णांच्या तंतूंमधल्या पाण्याच्या वावराची दिशाबद्धता सरासरीनं कमी आढळली. पण दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले, की एकट्या रुग्णाच्या स्कॅनवरून निदान करता येत नाही.

तीव्र नैराश्यात मात्र एकेका रुग्णाचा नकाशा वापरून पाहिला गेला. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात हेलन मेबर्ग यांच्या गटानं चार वाटा जिथे एकत्र येतात ती जागा प्रत्येकाच्या स्कॅनमध्ये शोधली आणि तिथे वीजप्रवाह देणारे इलेक्ट्रोड बसवले. इतर उपचारांना न बधलेल्या ११ पैकी नऊ जणांच्या लक्षणांत वर्षभरानंतर ठळक सुधारणा दिसली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे सुधारणेचं किती श्रेय नकाशाला द्यायचं, हे या प्रयोगावरून ठरत नाही.