चिपळी, पेटी आणि पगार

भाऊबीजेपासून पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागते. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात केशोरीच्या पंचक्रोशीतही हे दिवस दंडार या लोकनाट्याचे आणि रात्रभर रंगणाऱ्या नाटकांचे. दवाने ढोलकीचं कातडं सैल पडतं, मग ती शेकोटीजवळ धरून पुन्हा बोलती करायची. अशा कानांसमोर ख्रिस्ती गवई पेटी घेऊन बसला, तर किती वर्षं टिकेल? 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ख्रिस्ती सुमारे 10 लाख 80 हजार, म्हणजे शंभरात एकही भरत नाही. सेवेतल्या गवयाला उपदेश होतो तो श्रद्धेची वात तेवती ठेवण्याचा. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. श्रद्धा माणसाला गायला बसवते. वीस-वीस वर्षं बसवून ठेवतात ते गाण्याचा घाट, ऐकणारे आणि घर.

घाटाचा पुरावा जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं, तेही ओवीत. 1654च्या तिसऱ्या आवृत्तीनंतर छपाई थांबली, 1684 साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढलं. तरी हस्तलिखितं उतरवली जात राहिली आणि 1907 साली मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला गेला. मधल्या अडीच शतकांत त्याला ना छापखान्याचा आधार होता ना सरकारचा. तो तगला, कारण ओवी तोंडात बसते. अहमदनगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे (1834–1908) यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं तेव्हा हेच ओळखलं. नारायण वामन टिळकांनी पुढे तीच वाट रुंद केली. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. ती लोहवाट गोंदियावरूनच जाते, म्हणजे ही कथा इथल्या माणसाला अगदीच परकी नव्हे. 1895 साली बाप्तिस्मा झाला. नंतरची त्यांची पदं, अभंग आणि भजनं आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात; इंग्रजी चालींवर कसेबसे बसवलेले अनुवाद त्यांच्याशेजारी अवघडलेले वाटतात.

यावर आक्षेप येतो की अभंग आणि कीर्तन हे विठ्ठलाच्या दारातलं धन. ते उचललं तर श्रद्धेत भेसळ होते. दुसऱ्या बाजूने उलटा आरोपही होतो की ही धर्मांतरासाठी घेतलेली उसनी वस्त्रं. दोन्ही आक्षेप घाटाला मालकीहक्काची वस्तू समजतात. कीर्तनकार पूर्वरंगात विषय मांडतो, उत्तररंगात आख्यान लावतो; आख्यान येशूचं असलं तर ते येशूचंच राहतं. लपवाछपवी असेल तिथे दोष सांगणाऱ्याचा, चिपळीचा नव्हे. तरुणांना कीबोर्ड, ड्रम हवेत, हा तिसरा मुद्दा मात्र उडवून लावण्याजोगा नाही. पेटीही परदेशातूनच आली आणि झाडीपट्टीच्या रंगमंचावर कीबोर्ड कुणाला खटकत नाही. कसोटी वाद्याची नाही. मागच्या रांगेतल्या निरक्षर आजीला ध्रुवपद दुसऱ्या फेरीला धरता येतं का, ही आहे. तिला नुसतंच ऐकत बसावं लागलं, तर मंडळीचा कार्यक्रम झाला, उपासना नाही.

उरतो पैसा, त्याबद्दल आपण सोयीने गप्प बसतो. टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तांनाही त्यात जागा होती. 1919च्या मे महिन्यात ते गेले. हा त्याग निष्ठेचा कळस म्हणून सांगतात. पण पगार सोडणं हाच निष्ठेचा मापदंड धरला, तर मोलमजुरी करून रविवारी पेटी धरणाऱ्याच्या वाट्याला नुसता अपराधभाव येतो. आणि त्यागाचा हिशेब घरात कोणी चुकता केला, हेही विचारायला हवं. शाळेचं शिक्षण नसलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी संसार ओढला, स्वतः कीर्तनं केली आणि नवऱ्याचं अपुरं काव्य ‘ख्रिस्तायन’ हाती घेतलं. टिळकांचे दहाएक अध्याय झाले होते. बाईंनी चौसष्ट लिहिले.