थांगका : रेशीम म्हणजे जुनेपणाचा दाखला नव्हे
तिबेटी थांगका ‘रेशमावरचे प्राचीन चित्र’ म्हणून विकायला येतो, तेव्हा संग्राहकाने आधी कापड पाहावे. बहुतेक थांगके सुती कापडावर खडू आणि सरसाचा लेप देऊन, घोटून रंगवलेले असतात. रेशीम असते ते भोवतालच्या किनारीला, आणि ती झिजली की बदलतात. त्यामुळे किनारीवरून चित्राचे वय ठरत नाही. रेशमावर चित्रे काढतच नव्हते का? काढत होते. चीनमधल्या दुनहुआंगच्या गुहेत १९०० साली सापडलेली कित्येक रेशमी बौद्ध चित्रे हजारेक वर्षांची आहेत. पण म्हणून रेशीम दिसले की चित्र जुने, असे होत नाही. काजळीचेही तेच; धुरी देऊन नवे चित्र काळवंडता येते. भरवसा ठेवायचा तो लेपाच्या भेगा, रंगद्रव्ये, पाठीवरचे मंत्राक्षर आणि मालकीची कागदपत्रे यांच्या एकत्रित साक्षीवर. शिवाय शंभर वर्षांहून जुने चित्र १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही.