धक्का एकाचा, भरपाई कुणाला?

धावपट्टीचा कायदा : लेखांक ९

मागच्या आठवड्यात लेनचं गणित पाहिलं. आज लेन संपते तिथून पुढे जाऊ, कारण खरी भांडणं तिथेच सुरू होतात. आठशे मीटरमध्ये पहिलं वळण ओलांडलं की लेन सुटते; पंधराशेत ती मुळातच नसते. मग प्रत्येकाला आतली कड हवी असते. एक लेन बाहेरून धावलं, तर ४०० मीटरच्या फेरीमागे सुमारे साडेसात मीटर जास्त धावावं लागतं. हे अंतर फुकट द्यायला कुणीच तयार नसतं. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या हिवाळी स्पर्धा छपराखाली, बहुधा २०० मीटरच्या ट्रॅकवर होतात. तिथे वळणं आखूड आणि अंतरासाठी फेऱ्या दुप्पट. कोपर लागणं, बुटाचे खिळे घासणं हे रोजचंच.

म्हणून नियम नुसत्या स्पर्शाला गुन्हा मानत नाही. जागतिक नियमावलीप्रमाणे धक्क्यामुळे एखाद्याला गैरफायदा मिळाला किंवा दुसऱ्याचं नुकसान झालं, तरच तो दोष ठरतो. वळणावरचे पंच पिवळा झेंडा वर करतात, पण निकाल रेफरी देतो. हेतू सिद्ध करावा लागत नाही. चुकून आडवं गेलात तरी समोरच्याची वाट अडलीच.

नियमांचा घोळ किती महागात पडतो, हे १९०८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये दिसलं होतं. ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीतले चारपैकी तिघे अमेरिकन, आणि तिघेही विद्यापीठांतून आलेले : कॉर्नेलचा जॉन कार्पेंटर, हार्वर्डचा विल्यम रॉबिन्स आणि पेनसिल्व्हेनियाचा जॉन टेलर. चौथा ब्रिटनचा विंडहॅम हॅल्सवेल. लेन नव्हत्या. शेवटच्या सरळ पट्ट्यात हॅल्सवेल बाहेरून पुढे काढू लागला, तसा कार्पेंटरही बाहेर सरकत गेला आणि त्याने त्याला ट्रॅकच्या कडेला नेलं. पंचांनी शर्यत रद्द केली, कार्पेंटरला बाद केलं. अमेरिकन रिवाजात अशी अडवणूक बरीचशी खपून जायची, ब्रिटिश नियमांत नाही. स्पर्धा ब्रिटिश नियमांची होती. दोन दिवसांनी दोऱ्या बांधून लेन केल्या आणि शर्यत पुन्हा ठेवली. रॉबिन्स आणि टेलर आलेच नाहीत. हॅल्सवेल एकटा धावला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. नियमाने अन्याय दूर झाला म्हणायचं, पण शर्यत कुणाला पाहायला मिळाली?

शिक्षेबद्दल माझी फारशी तक्रार नाही. अडवणारा बाद होतो, ठीक आहे. प्रश्न आहे तो ज्याची वाट अडली त्याला काय मिळतं हा. प्राथमिक फेरीत काहीतरी देता येतं : रेफरी त्याला पुढच्या फेरीत घेऊ शकतो. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेला हे प्रत्यक्ष मिळालं. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक शर्यतीत त्याची वाट अडली होती, तो सातवा आला होता. भारताची तक्रार मान्य झाली आणि पंधरा जणांच्या अंतिम शर्यतीत तो सोळावा म्हणून उभा राहिला. तिथे त्याने ८ मिनिटं २१.३७ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला. कुणालाही बाहेर काढावं लागलं नाही, कारण लेन नसलेल्या शर्यतीत आणखी एकाला जागा करता येते. गर्दी थोडी वाढते, एवढंच. आणि गर्दी वाढली की धक्केही वाढतात, हा त्यातला गमतीचा भाग.

लेनच्या शर्यतीत ही सोय नाही. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ४ बाय १०० मीटर रिलेच्या प्राथमिक फेरीत ब्राझीलच्या धावपटूचा धक्का लागून अमेरिकेचं बॅटन पडलं. ब्राझील बाद झालं. अमेरिकेला त्याच संध्याकाळी एकटीने पुन्हा धावू दिलं, वेळ आली ४१.७७ सेकंद, आणि चीनचा चमू अंतिम फेरीतून बाहेर गेला. चीनने कुणाला धक्का दिला नव्हता. पुढे सुवर्णपदक अमेरिकेलाच मिळालं.

आता अंतिम शर्यत, आणि त्यातही अमेरिकन कॉलेजांची. तिथे पदकाइतकीच संघाच्या गुणांची किंमत असते. एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या आठ क्रमांकांना १०, ८, ६, ५, ४, ३, २, १ असे गुण मिळतात आणि त्यांच्या बेरजेवर संघाचं विजेतेपद ठरतं. समजा, तिसरी धावणारी मुलगी शेवटची एक फेरी उरली असताना दुसऱ्या एकीच्या पायात अडकून पडली, उठून धावली आणि नववी आली. जिने पाडलं ती चौथी आली आणि बाद झाली. मग पाचवीपासून नववीपर्यंत सगळ्या एकेक पायरी वर चढतात. पडलेली आठवी होते, तिला एक गुण मिळतो. पण पाचवीचाही एक गुण वाढतो, सहावीचा, सातवीचा आणि आठवीचाही. म्हणजे जिचं नुकसान झालं आणि ज्यांचा धक्क्याशी काहीच संबंध नव्हता, त्या सगळ्यांना सारखीच भरपाई. सहा गुणांवर असलेलीच्या हाती एक.

अंतिम शर्यत पुन्हा घ्या, असं म्हणणं सोपं आहे. पाच किंवा दहा हजार मीटर धावून निथळलेल्या मुलींना दुसऱ्या दिवशी परत उभं करणार कसं? शिवाय कॉलेजमध्ये एकच खेळाडू दोन-तीन शर्यतींत उतरवायची पद्धत आहे. एक शर्यत सरकली की दुसरीचं नियोजन कोलमडतं.

मला विचाराल तर बाद झालेल्या जागेचे गुण खाली झिरपू देऊ नयेत. चौथीचे पाच गुण पडलेल्या मुलीच्या संघाला द्यावेत, क्रमांक बाकी जसेच्या तसे. ट्रॅकवर जिने जेवढे कमावले तेवढे तिचेच राहतात, आणि दोषाची किंमत दोषी संघाच्या खात्यातूनच जाते. यावर पाचवी आलेली म्हणेल, ती बाद झालीच नसती असं धरून मला पाचवीच का ठेवता? तिचं म्हणणं चूक नाही. प्रशिक्षकांची भीती वेगळी : थकलेली धावपटू किंचित स्पर्शाला मुद्दाम कोसळेल. त्यासाठी चित्रफीत पाहून रेफरीला दोन गोष्टी लेखी ठरवाव्या लागतील, पडण्याचं कारण धक्काच होतं का आणि त्या क्षणी तिची जागा कितवी होती. दुसरी गोष्ट चित्रफितीत दिसते. पहिलीवरून मात्र पंचांच्या खोलीत बराच वेळ जाईल, आणि ध्वनिक्षेपकावर तोवर पुढच्या शर्यतीची घोषणा होत असेल.