फडातले मूल आणि मेंदूचा आलेख

लहान मुलाला फिट आली की घरच्यांना पहिली घाई होते ती ईईजी काढण्याची. येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी 1924 मध्ये माणसाच्या मेंदूतले विद्युत चढउतार पहिल्यांदा टिपले आणि पाच वर्षांनी, 1929 मध्ये, ते प्रसिद्ध केले. तत्त्व आजही तेच आहे. डोक्यावर ठरलेल्या अंतरांवर वीसेक इलेक्ट्रोड पेस्टने चिकटवायचे आणि व्होल्टच्या दशलक्षांशात मोजावे लागणारे चढउतार मोठे करून पडद्यावर उमटवायचे. आदल्या रात्री मुलाला कमी झोपवतात, कारण झोपमोडीत बिघाड चटकन उघड होतो. कधी तीन मिनिटे भिरभिऱ्यावर फुंकर मारायला लावतात. वर्गात मध्येच काही सेकंद हरवणारे आणि लक्ष नाही म्हणून बोलणी खाणारे मूल असेल, तर या फुंकरीनेच बहुधा सेकंदाला तीन अशा लयीच्या लाटा उमटतात आणि मास्तरांचा गैरसमज तिथेच संपतो. तान्ह्या बाळाचे दोन्ही हात पुन्हा पुन्हा झटक्याने वर जात असतील, तर घरात त्याला दचकणे किंवा पोटदुखी समजून गुटी दिली जाते आणि आठवडे वाया जातात. तिथे ईईजी त्याच दिवशी काढणे गरजेचे, कारण उपचाराला होणारा उशीर बाळाच्या वाढीला भोवतो.

या यंत्राला कमी लेखण्याचे कारण नाही. पण दक्षिण गुजरातेतील बारडोलीच्या ऊसपट्ट्यातून पाहिले तर अडचण वेगळ्याच जागी आहे. ईईजीसाठी जायचे ते सुरत इथून तासाभराच्याच अंतरावर आहे. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970च्या दशकात बारडोलीच्या साखर कारखान्यांवर लिहिले, तेव्हा त्यांच्या लेखनाच्या केंद्रस्थानी खानदेशातून येणारे तोडकरी होते. मुकादमाची उचल घेऊन हंगामाला निघणाऱ्या या कुटुंबांबरोबर मुलेही फडावर येतात. अशा मुलाला फिट आली, तर आलेख काढून पुरेसे होते का? फिट येणाऱ्या व्यक्तीच्या पहिल्या ईईजीत दोष दिसतो तो सुमारे निम्म्याच वेळा. उलट कधीही फिट न आलेल्या थोड्या निरोगी मुलांच्या आलेखातही तशा लाटा सापडतात. निदानाचा मोठा भाग आईच्या तोंडी असतो: मान कुठल्या बाजूला वळली, डोळे कुठे गेले, किती वेळ चालले, ताप होता का. सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापात आलेली साधी, थोडक्यात आटोपलेली फिट असेल, तर अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या 2011च्या मार्गदर्शक सूचनाही ईईजीची गरज नाही म्हणतात.

निदानानंतर खरी कसोटी गोळीची. कर्नाटकातील येलंदूर तालुक्यात डॉ. के. एस. मणी आणि सहकाऱ्यांनी फिनोबार्बिटोन किंवा फेनिटोइन या जुन्या, स्वस्त औषधांवर गावपातळीवर रुग्णांचा पाठपुरावा केला. पाच वर्षांनी निम्म्याहून अधिक रुग्णांच्या फिट्स थांबलेल्या होत्या. हा अभ्यास 2001 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. कुणी म्हणेल, फिनोबार्बिटोनने मुले चिडचिडी आणि चंचल होतात, मग गरिबाच्या मुलाला जुनेच औषध का? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच देब पाल यांनी ग्रामीण पश्चिम बंगालमध्ये मुलांवर केलेली चाचणी महत्त्वाची ठरते. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत फिनोबार्बिटोन घेणाऱ्या मुलांचे वागणे फेनिटोइन घेणाऱ्यांपेक्षा बिघडलेले आढळले नाही. नवी औषधे परवडत असतील तर जरूर द्यावीत; पण ती मिळेपर्यंत काहीच न देणे याला वैद्यकशास्त्रात आधार नाही.

दुसरा आक्षेप मात्र मला अधिक भारी वाटतो. येलंदूरचे रुग्ण एका जागी राहणारे होते, तोडकरी वर्षातून दोनदा घर बदलतात. फिनोबार्बिटोन एकाएकी बंद पडले, तर न थांबणारी फिट येऊ शकते, म्हणजे तुटक उपचार कधी कधी उपचार नसण्याइतकाच धोक्याचा. त्यात फडातला दिवस पहाटेच सुरू होतो, म्हणजे प्रयोगशाळेत मुद्दाम करवली जाणारी झोपमोड इथे रोजची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी 2013 मध्ये पालघरला झाला आणि त्याच्या तपासणीच्या यादीत झटक्यांचे विकारही आहेत. पण तपासणी पथक जाते अंगणवाडीत आणि शाळेत. पथक गावी पोचेल तेव्हा मूल बारडोलीत, आणि बारडोलीत पोचेल तेव्हा त्याचे नाव कुठल्याच पटावर नाही, असे सहज घडू शकते.

यावर चार महिन्यांच्या गोळ्या एकदम बांधून द्याव्यात, असा सोपा तोडगा सुचतो. तो धोकादायक आहे. वाढत्या वजनाप्रमाणे मात्रा बदलावी लागते आणि कोपीत धाकट्या भावंडाच्या हाती अख्खी पुडी लागली तर जिवावर बेतेल. त्यापेक्षा औषधाचे नाव, मिलिग्रॅममधली मात्रा, मुलाचे वजन आणि शेवटच्या फिटची तारीख मराठी व गुजराती दोन्हींत लिहिलेले एक कार्ड आईजवळ असावे, आणि ते दाखवले की दोन्ही राज्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनी महिन्याच्या गोळ्या द्याव्यात. कार्डाच्या पाठीवर मुकादमासाठीही चार ओळी हव्यात: मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर गाडी काढा. ट्रॅक्टर असो की ट्रक, फडावर वाहन त्याच्याच शब्दावर निघते.