तलवारीची जन्मपत्रिका

आमच्या देवगाव फाट्यावर सुगीच्या तोंडाशी फिरत्या लोहारांची पाले पडतात. विळा भट्टीत लाल करायचा, ऐरणीवर ठोकायचा आणि शेवटी त्याची धार पाण्यात बुडवायची. यालाच 'पाणी देणे' म्हणतात. ते पाहत उभा असताना अकरावीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, माझ्या आईच्या आजोबांनी ब्रह्मदेशाच्या लढाईतून एक जपानी तलवार आणली होती. मामा म्हणतात, ती सामुराई सरदाराची. खरे-खोटे ओळखायचे कसे?" त्याचे आजोळ साताऱ्याकडचे.

तलवार जपानी असणे अशक्य नव्हते. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशाक येथे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण जपान्यांशी लढली. पुढे १९४५ च्या शरणागतीनंतर जपानी तलवारींचे ढीग जमा झाले. सामुराईंना मात्र जपान सरकारने १८७६ मध्येच तलवार बाळगण्याची बंदी केली होती. युद्धातल्या तलवारी होत्या लष्कराच्या, आणि लष्कर म्हटले की शिक्के आलेच!

प्रथम मूठ पाहावी. अधिकाऱ्याच्या तलवारीची मूठ लाकडी, वर फीत गुंडाळलेली. ती बांबूच्या एक-दोन खुंट्यांनी बसवलेली असते. जमादार-हवालदारांसाठी काढलेल्या '९५ नमुन्या'च्या तलवारीची मूठ बहुधा ओतीव धातूची, आधी तांब्याची, मग ॲल्युमिनियमची. तिच्यावर फितीचा नुसता आकार उठवून रंग दिलेला. पात्यावर मुठीजवळ अनुक्रमांक ठोकलेला असतो आणि तोच म्यानावरही असतो.

हे '९५' काय? आपला जसा शालिवाहन शक, तसा जपानी लष्कराचा एक राजशक होता. इसवी सनात ६६० मिळवले की तो मिळतो. १९३५ म्हणजे २५९५. त्याचे शेवटचे दोन अंक घेऊन नमुन्याला नाव दिले.

अधिकाऱ्याच्या तलवारीची खरी पत्रिका मुठीत दडलेली असते. खुंटी काढून मूठ उतरवली की आत शिरलेला पात्याचा भाग दिसतो. त्याला आपण शेपटी म्हणू. तिच्या एका बाजूस लोहाराचे नाव व दुसऱ्या बाजूस कधीकधी तारीख कोरलेली असते. पात्याचे टोक वर धरून वरून खाली वाचावे. एक, दोन, तीन हे आकडे म्हणजे तितक्या आडव्या रेघा. आपल्या नाणेघाटातील ब्राह्मी लेखातही एक आणि दोन असेच लिहिलेले आहेत! दहा म्हणजे अधिकचे चिन्ह. ते चिन्ह आणि खाली तीन रेघा म्हणजे तेरा. हे 'शोवा' राजवटीचे वर्ष. त्यात १९२५ मिळवा, आले १९३८.

शेपटीवरचे लहान शिक्के मला अधिक मोलाचे वाटतात, कारण ते पाते कसे घडले ते सांगतात. पाच टोकांची चांदणी असेल, तर लष्कराने मान्य केलेल्या लोहाराने जुन्या पद्धतीने घडवलेले पाते. 'शो' किंवा 'सेकी' ही अक्षरे असतील, तर ते बहुधा नव्या पद्धतीचे. (सेकी हे जपानमधील सुऱ्या-कात्र्यांचे प्रसिद्ध गाव.) जहाजाचा नांगर म्हणजे आरमार. दक्षिण मांचुरिया रेल्वे कंपनीच्या कारखान्यातही तलवारी होत. रेल्वेने तलवारी कराव्यात, हे युद्धातच घडते.

जुनी आणि नवी पद्धत यांत फरक पुष्कळदा पाण्याचाच. जुना लोहार पात्याच्या पाठीवर मातीचा जाड थर देई, धारेवर पातळ. तापलेले पाते पाण्यात गेले की धार झपाट्याने थंड होऊन तिथे 'मार्टेन्साइट' नावाची अतिशय कठीण स्फटिकरचना बनते. तिला जागा थोडी जास्त लागते. म्हणून धारेची बाजू फुगते आणि पाते पाठीकडे वाकते. पाठ मात्र चिवट राहते. पाणी उष्णता फार वेगाने खेचते, त्यामुळे पाते तडकण्याचा धोका मोठा. घाऊक उत्पादनात हा धोका परवडत नाही. म्हणून कारखान्यांनी तेल वापरले. तेलात पोलाद सावकाश निवते.

शेपटीवरचा गंज कधीही खरवडू नये. जुना गंज काळपट, अलीकडचा तांबूस. वय ओळखण्याचा तो एक पुरावा आहे. कागद ठेवून वर पेन्सिल घासली की अक्षरे उमटतात, नाण्याची उमटतात तशी. लष्करी मुठीत फार जुने पातेही निघू शकते. फील्ड मार्शल तेराउची याने नोव्हेंबर १९४५ मध्ये सायगाव येथे माउंटबॅटन यांच्या हवाली केलेल्या दोन तलवारींपैकी लांब तलवार १२९२ सालची होती!

विद्यार्थ्याने दिवाळीच्या सुटीत छायाचित्रे व पेन्सिलचे छाप आणले. मामांनी पॉलिश पेपर आणून ठेवला होता, तो वापरायचा मात्र राहिला होता. मूठ ॲल्युमिनियमची, रंगाचे पोपडे उडालेले, पात्यावर आकडे. म्हणजे सरदाराची नव्हे, हवालदाराची. मुलाचा चेहरा उतरला. मग आम्ही म्यानावरचा छाप पात्याच्या छापाशेजारी ठेवला. पाचही आकडे जुळले. ढिगाऱ्यात म्याने सहज बदलली जात; ही जोडी तशीच राहिली होती.

"आणि पणजोबा कोण होते रे पलटणीत?" मी विचारले.

"नाईक," तो म्हणाला, "म्हणजे हवालदाराच्या एक पायरी खाली."