दालन पाहावे मोजून, मग सजवावे

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले पूर्वज सांगून गेले. अंगणातला मांडव हॉटेलच्या वातानुकूलित दालनात गेला, तरी या म्हणीचे मर्म बदललेले नाही. वधूपक्ष महाराष्ट्रातला आणि स्वागत समारंभ वराच्या गावी, जयपूरला असेल, तर परक्या शहरात दालन निवडताना वर्षानुवर्षांची बचत एका संध्याकाळसाठी पणाला लागते.

जयपूरच्या दक्षिणेकडील मालवीय नगर परिसर अशा वेळी सोयीचा ठरतो. विमानतळ येथून जवळ आहे. जवाहरलाल नेहरू मार्गावरील क्लार्क्स आमेर, जवाहर सर्कलजवळील मॅरियट अशी मोठी हॉटेले येथे आहेत. शिवाय मोकळ्या हिरवळीपेक्षा बंद दालनाचे काही फायदे आहेत. अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर येथील ऊन असह्य असते, तर पौष-माघातली थंडी वृद्धांना सोसत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. आवाज आतच राहणाऱ्या बंदिस्त दालनाला मात्र ही मनाई नाही.

आधी यादी, मग दालन

झुंबरे पाहून भुलण्यापूर्वी निमंत्रितांची यादी पक्की करावी. गोल टेबलांभोवती बसून जेवायचे असल्यास माणशी सुमारे १२ चौरस फूट जागा लागते. ४,००० चौरस फुटांच्या दालनात व्यासपीठ, बुफे आणि येण्याजाण्याची वाट यांना १,००० चौरस फूट गेले, तर सुमारे २५० पाहुणेच सुखाने बसू शकतात. अडीचशेंच्या जागेत चारशेंना बोलावले, तर सजावट कितीही देखणी असली तरी पाहुण्यांना आठवते ती गर्दीच. उलट, फार मोठ्या दालनात थोडी माणसे असली की समारंभ ओकाबोका वाटतो. छताची उंचीही मोजावी. दोन फुटी व्यासपीठावर दहा फुटी पडदा उभारायचा, तर बारा फुटी छत अपुरे पडते.

सजावट जागेला साजेशी

दालनाच्या भिंती आणि गालिचा मुळातच भडक असतील, तर रंगांची भर नको. मालवीय नगरच्या शेजारीच सांगानेर आहे. तेथील पांढऱ्या वा फिक्या जमिनीवर नाजूक बुट्ट्यांचे ठसेकाम असलेले कापड टेबलांवर शोभून दिसते. जयपूरच्या निळ्या मृत्पात्रांत निशिगंध ठेवावा. मात्र फुलरचना बसलेल्या माणसाच्या नजरेखाली राहावी, म्हणजे समोरासमोर गप्पा होतात. प्रवेशद्वारी आंब्याच्या पानांचे व झेंडूचे तोरण आणि रांगोळी असली, की मराठी घराची ओळख आपोआप पटते. चेहऱ्यावर रंगीत दिव्यांऐवजी उबदार पिवळसर प्रकाश ठेवल्यास छायाचित्रे चांगली येतात.

सुरक्षिततेशी तडजोड नको

२३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे एका विवाह सभागृहात शाळेचा समारंभ सुरू असताना मंडपाच्या कृत्रिम कापडाने पेट घेतला आणि चारशेंहून अधिक माणसे प्राणास मुकली. म्हणून पडद्यांचे कापड कोणते, हे विचारण्यात संकोच नसावा. एकही आपत्कालीन दार सजावटीमागे झाकले जाऊ नये. समई लावायची असल्यास हॉटेलची पूर्वपरवानगी घ्यावी.

लेखी करार

दर कर धरून आहे की वगळून, पाहुण्यांच्या किमान संख्येची अट काय, बाहेरचा सजावटकार आणल्यास वेगळे शुल्क आहे का, सजावटीसाठी दालन किती तास आधी मिळेल आणि समारंभ रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल, हे सारे करारात लिहून घ्यावे. किमान संख्या तीनशे ठरली आणि अडीचशेच आले, तरी पैसे तीनशे ताटांचे द्यावे लागतात. आगाऊ रक्कम धनादेशाने वा बँकेमार्फत द्यावी, पावती जपावी आणि अंदाजपत्रकाचा दहावा हिस्सा ऐनवेळच्या खर्चासाठी राखून ठेवावा.

फुले दुसऱ्या सकाळी कोमेजतात. टिकते ती पाहुण्यांची तृप्ती, आणि कर्ज न काढता पार पडलेल्या कार्याचे यजमानांच्या मनातले समाधान.