मुलीच्या लग्नाचं वय कायदा ठरवतो की घरचा हिशोब?

सकाळी नऊला धायरी फाट्यावर उभं राहिलं की बस पकडायला धावणाऱ्या कितीतरी तरुणी दिसतात. कुणी वडगावच्या कॉलेजात, कुणी नऱ्ह्याच्या कारखान्यात, कुणी आयटीत. पंचविशी उलटली तरी लग्नाचा विषय ‘बघू पुढच्या वर्षी’वर सुटतो, अशी घरं इथं आता नवी नाहीत.

आता बीड बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या शंभरातल्या जवळपास ४४ जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. परभणीत ४८. राज्याचा आकडा २२ च्या आसपास.

कायदा तर दोन्हीकडं सारखाच. १९७८ पासून मुलीसाठी १८ वर्षं. मग एवढा फरक कशामुळं?

उत्तर उसाच्या फडात सापडतं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती या जोडीला. एकटा पोरगा म्हणजे अर्धा कोयता, त्याची उचलही कमी. म्हणजे लग्न लावलं की कमाई वाढते. मुलीकडची अडचण वेगळीच. दिवाळीच्या आसपास आईबाप पाच-सहा महिन्यांसाठी फडावर जातात, तेव्हा वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? त्यात गावातली शाळा संपलेली आणि पोरीचं वय वाढलं की हुंडाही वाढणार ही धास्ती. अशा बापाला अडाणी म्हणणं सोपं आहे, पण त्याचा हिशोब पक्का असतो.

धायरीत हाच हिशोब उलटा पडतो. २०१७ मध्ये महापालिकेत आलेल्या या गावात भाडं आणि फ्लॅटचा हप्ता भरणारी घरं वाढली. तिथं मुलीचा पगार हा आधार असतो. शिक्षणही लांबतं. त्याच सर्वेक्षणानुसार देशात शाळेत न गेलेल्या बायकांचं लग्न साधारण सतराव्या वर्षी होतं, बारावी आणि पुढं शिकलेल्यांचं तेविशीच्या आसपास.

अर्थात पगार आला म्हणजे मर्जी आली, असं नाही. जात, पत्रिका, ‘मुलाचा पुण्यात फ्लॅट आहे का’ हे सगळं असतंच. लग्न लांबतं त्यात यांचाही वाटा असतो.

मुलींचं वय २१ करण्याचं विधेयक २०२१ मध्ये आलं, पण २०२४ मध्ये लोकसभेबरोबर तेही संपलं. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजना मात्र राज्यात आहे. आईबाप फडावर असताना पोर कुठं राहणार, या प्रश्नाला तिथं निदान एक जागा मिळते.